डावी बाजू

१९६३ च्या पौषात लालीबाई नागपूरहून परतली ती तोंडाला पट्ट्या गुंडाळूनच. लकव्यानं तिच्या चेहऱ्याची डावी बाजू पार लोंबली होती. घास ओठातून ओघळायचा, डोळा मिटायचा नाही. नागपूरच्या सर्जननं कानापुढून कातडी उकलली, वर ओढली, उरलेली कापून टाकली आणि टाके घातले.

दारव्ह्याच्या दवाखान्यात पट्टी बदलायचं काम नर्स इंदूबाईंकडे आलं. सर्जनची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. डोक्याखाली दोन उशा द्याव्या. सूज मानेत उतरेल, काळंनिळं हळूहळू पिवळं पडेल, गाल काही महिने बधिर राहील. ही बाजू आता लोंबणार नाही, पण हलणारही नाही. नस मेलेली आहे.

आठव्या दिवशी दुपारी पट्टी सोडवताना उजवीकडचे केस ओढले गेले. लालीबाईची उजवी भुवई कळेनं आक्रसली. डावा ओठ मात्र हसला.

"हसू नको लालीबाई, टाके ताणतात."

"मी कायले हसू, बाई?" ती घाबरून पुटपुटली. "मले त थो गाल माहा वाटतच नाही."

सूज उतरताना कातडी ओढत असेल, अशी इंदूबाईंनी मनाची समजूत घातली.

टाके काढायच्या दिवशी बधिर गालाला काही कळेना, म्हणून लालीबाईला बसल्याबसल्याच डुलकी लागली. उजवा डोळा मिटला. डावा उघडाच राहिला. कात्री जिकडे जाई, तिकडे तो वळत होता.

चार टाके उरले होते. इंदूबाईंनी ते मान खाली घालून काढले.

महिन्याभरानं नवरा, धावजी, तिला बंजारा तांड्यावरून बैलगाडीतून घेऊन आला. तिला आत बसवून तो दारातच थांबला.

"आता लय बोलते, बाई. पण तांड्याची बोली इसरली. आमच्यात आईले याडी म्हणतेत. पोरगी याडी, याडी करत बिलगली, त हे इचारते, याडी म्हणजे काय?"

इंदूबाई आत गेल्या.

लालीबाई ताठ बसली होती. आता उजवी बाजू लोंबली होती. डावी नितळ, टवटवीत.

"नमस्कार, सिस्टर," डावा ओठ म्हणाला. आवाज स्वच्छ, शहरी.

उजव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. थांबत नव्हतं. इंदूबाईंनी कापसाचा बोळा उचलला.

"त्या डोळ्याकडे लक्ष देऊ नका," डावा ओठ म्हणाला.