ढब्बूची जागा

"परत मुतला! गादीवर! माधुरी, ससा पाळलायस की नळ उघडा ठेवलायस?"

तिचा नवरा किरण ओरडला आणि माधुरी फडकं घेऊन गादीपाशी बसली. कोपऱ्यात ढब्बू कान पाडून बसला होता. ढब्बू तिच्या धाकट्या भावाचा, आकाशचा. काविळीत आकाश गेला, त्यानंतर त्याचं म्हणून जिवंत असं एवढंच उरलं होतं तिच्याकडे!

"रविवारी हा घरात दिसला नाही पाहिजे. बस झालं यार!"

घाटकोपरच्या त्या एका खोलीत ढब्बू आला तेव्हा शहाणा होता. ट्रेमध्ये कागद, बाजूला गवत, तिथेच खायचा, तिथेच करायचा. आकाशनेच शिकवलं होतं, "ताई, ट्रे साफ केला तरी थोडा ओला कागद परत ठेवायचा हां. त्या वासानेच त्याला कळतं, ही माझी जागा." मग आता असं काय झालं?

शुक्रवारी ती कामावरून लवकर आली, आणि दारातच थबकली. सासूबाई, सुंदराबाई, दुखरे गुडघे मोडून मोरीत बसल्या होत्या आणि फिनेल ओतून ट्रे घासत होत्या!

त्या दचकल्या. "तू दमून येतेस... म्हणून हल्ली मी रोज धुवून ठेवते. वास आला की पोरगा तुलाच बोलतो ना गं."

गं! किरणने न विचारता लग्न केलं म्हणून ज्या बाईने इतकी वर्षं तिच्याशी धड शब्द काढला नव्हता, तिच्या तोंडून गं! माधुरीच्या ओठांवर आलेलं सगळं तिथेच विरघळलं. ही माया चुकीची आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगितलं तर हा हात परत कधी पुढे येईल?

दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप ओला कागद ट्रेमध्ये ठेवला. सासूबाईंनी तोही मायेने उचलून टाकला...

रविवारी आकाशची मैत्रीण रोशनी चेंबूरहून आली आणि ढब्बूला घेऊन गेली. माधुरी हसत टाटा करत राहिली, आणि दार लागल्यावर मोरीतला नळ सोडून रडली.

महिन्याभराने रोशनीचा फोन आला. माधुरी पोळ्या लाटत होती, फोन स्पीकरवर.

"ताई, हा तर एकदम झकास! सगळं ट्रेमध्येच! तुमच्याकडे कोणी फिनेल वापरायचं का गं? त्याने वास जातो, मग बिचाऱ्याला जागाच सापडत नाही."

सुंदराबाईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. फोन बंद झाला.

"तुला ठाऊक होतं?"

माधुरीने हळूच मान डोलावली.

"भावाची शेवटची आठवण गेली तुझी... माझ्या हाताने! बोलली का नाहीस पोरी?"

"आई... तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी करत होतात. मला ते तोडवेना."

सुंदराबाईंनी तिला घट्ट छातीशी धरलं. "चल, आत्ताच आणू त्याला! किरणला मी बघते!"

"नको आई. आता कुठे त्याला तिथली जागा कळलीय... परत नको हलवूया."

तव्यावरची पोळी करपली, कोणी उठलं नाही. मग सुंदराबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि त्या घरात आजवर कोणी न विचारलेलं विचारलं.

"आकाश कसा होता गं? मला सांग ना..."