ठराव पडला त्या दिवशी

"घरी पंखा न्हाय का तुमच्या?"

अक्षरा तडकलीच. धाराशिवला कलेक्टर कचेरीसमोर लिंबाच्या सावलीत पाच-सहा जण 'युद्ध नको' असा फलक धरून बसले होते. ती तेरच्या बसला निघाली होती, पण पाय तिथंच अडले. सीमेवर तोफा सुरू झाल्यापासून तिच्या दादाचा, श्रीमंतचा, फोन लागत नव्हता.

"माझा दादा तिकडं सीमेवर, आणि तुम्ही इथं सावलीत—"

फलक धरलेला तरुण उठून उभा राहिला.

"म्हणूनच बसलोय. तुमचा दादा घरी यावा म्हणून."

एवढंच बोलला. आवाजात राग नव्हता. मग त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. अक्षरानं ती घेतली नाही. पण बसमध्ये घसा सारखा कोरडा पडत राहिला... तहान पाण्याची होती, का त्या आवाजाची?

दुसऱ्या दिवशी ब्लाउजचं कापड बदलायचं निमित्त काढून ती पुन्हा धाराशिवला गेली. लिंबाखाली कुणीच नव्हतं.

तो दिसला तो थेट तेरच्या ग्रामसभेत. माकणीचा कैवल्य, गावोगावी शांततेचा ठराव मागत फिरणारा. सरपंच आण्णासाहेब, म्हणजे अक्षराचे वडील, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"आधी नळाला पाणी आणा!" मागून कुणीतरी ओरडलं. "दुश्मनाची बाजू घेतो व्हय रे?" दुसरा गरजला. कैवल्यनं हातातला कागद खाली केला.

बायकांमधून अक्षरा उठली.

"खाली बस," आण्णा म्हणाले.

"आण्णा, दादाचा फोन लागला न्हाय की तुम्ही अंगणात फेऱ्या घालता. मी बघते की... मग हात वर करायला एवढं जड का वाटतंय?"

आण्णांनी मान खाली घातली. पण हात थोडेच वर आले आणि ठराव पडला.

स्टँडवर ती कैवल्यच्या मागं गेली. लोक बघत होते... बघू देत.

"हरलो आपण," तो म्हणाला.

आपण! तिच्या कानात तेवढाच शब्द राहिला.

"पुन्हा याल?"

"ठराव तर पडला. आता कशाला येऊ?"

"सगळं मीच सांगू व्हय?"

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. बस लागली. पायरीवर पाय ठेवून तो वळला.

"दादा घरी आले की येईन. आईला घेऊन, रीतसर... चालेल?"

तिनं नुसती मान हलवली. 'लवकर या' ओठांवर आलं होतं, पण ते का त्याच्या हातात होतं?

बस वळणाआड गेली. धुरळा खाली बसला, तरी अक्षरा तिथंच उभी होती. आजवर ती एकाचीच वाट बघत होती. आता दोघांची.