अव्वाला नको असलेला बेत

शांभवी पट्टणशेट्टीने पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि हात चटकन मागे घेतला.

"हे आज सकाळी आमच्या ओट्यावर होतं," ती म्हणाली. "मी तसंच्या तसं उचलून आणलंय."

राजनंदिनी सरनोबतने झाकण काढलं. आत केळीच्या पानाचा हिरवागार तुकडा होता. त्यावर थोडे गहू, गुळाचा खडा, खोबऱ्याचे काप आणि या सगळ्यावरून तीन बोटांनी ओढलेले विभूतीचे पट्टे.

बाळासो वाकले आणि लगेच नाक धरून मागे सरले. "खोबरं खवट हाय की हो!"

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यापासून बाळासो शाहूपुरीतल्या या छोट्या डिटेक्टिव्ह ऑफिसात राजनंदिनीच्या सोबतीला असत. त्यांना खाण्यातलं बरंच कळे, गुन्ह्यातलं जरा कमी.

राजनंदिनीने डबा नाकाजवळ नेला, पुन्हा एकदा नेला आणि झाकण लावलं. "सांगा."

"येत्या रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. घरातच करायची, सगळे पाहुणे बोलवायचे. शिरोळहून, कागलहून, निपाणीकडून. एवढ्या माणसांना सोपं काय करायचं, म्हणून संध्याकाळी आम्ही सगळे बसून बेत ठरवतो. आणि बेत ठरला की सकाळी असं पान येतं. जे ठरलं त्याचंच सामान, वर विभूती. शेजारी पालथी पळी."

"पालथी का?"

शांभवीचा आवाज खाली गेला. "माझ्या सासूबाई, अव्वा, तसं करायच्या. रांधायच्या आधी प्रत्येक भांड्याला विभूतीचे पट्टे ओढायच्या. आणि एखादा पदार्थ नको असला की बोलायच्या नाहीत, पळी पालथी ठेवायच्या. मग तो पदार्थ घरात होत नसे. अव्वा जाऊन वर्ष झालं."

खालच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला.

"अजून एक," शांभवी म्हणाली. "स्वयंपाकघराची खिडकी. एवढी थंडी, म्हणून माझे मिस्टर झोपताना ती स्वतः लावतात. सकाळी सताड उघडी असते."

"पोलिसांकडे का गेला नाहीत?"

"काय सांगू त्यांना? पण अप्पांनी जेवण सोडलंय. दूध आणि पाणी, बस्स. म्हणतात, तिला माझा वाढदिवस नको, ती मला तिकडं बोलवतीया. त्यांना शुगर आहे. असंच चाललं तर रविवार उजाडायच्या आधीच…" तिने वाक्य सोडून दिलं.

"प्रत्येक बेताला पान आलं?"

शांभवीने आठवून पाहिलं. "मसालेभात आणि कढी ठरली, तेव्हा आलं. पावभाजी ठरली, तेव्हा आलं. काल हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि आमटी ठरली, त्याचं हे. पण सगळ्यात आधी भेळ, भडंग, फळं आणि डेअरीतलं श्रीखंड ठरलं होतं. तेव्हा काहीच झालं नव्हतं. तो बेत अप्पांनीच मोडला. म्हणाले, पंचाहत्तरीला पावण्यांना भेळ घालू काय?"

राजनंदिनी उठली. "चला, उचगावला जाऊ."

उचगावच्या शिवारात गुऱ्हाळं पेटली होती. दुपार असूनही धुरामुळे ऊन पिवळं, मळकट दिसत होतं आणि उकळत्या रसाचा गोड वास गाडीच्या बंद काचांतून आत येत होता. पट्टणशेट्टींचं घर साधं, दुमजली, अलीकडेच रंगवलेलं. वाढदिवसाच्या घरात असते तशी गडबड मात्र नव्हती. दारातच आवाज आपोआप खाली गेला.

सोप्यात शांभवीचे सासरे भीमाप्पा बसले होते. एकेकाळचा दांडगा देह, आता सदरा अंगावर लोंबत होता. समोर एक रिकामा पाट होता आणि ते त्या पाटाशी बोलत होते.

"येतो की म्हणालो न्हवं? घाई कशाला करतीस?"

बाळासोंनी नकळत अंगठीवरून बोट फिरवलं.

राजनंदिनी त्यांच्याजवळ खाली बसली. "अप्पा, अव्वांना काय आवडायचं नाही?"

भीमाप्पांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे खोल गेले होते, पण बोलणं शुद्धीतलं होतं. "नासकं. करपलेलं. नाक लई तिखट तिचं. मी फाटकात पाऊल टाकलं की आतनं वरडायची, आज पेठेत भजी खाल्लासा व्हय? तिच्यापुढं कोण लपवाछपवी करणार?"

"आता अव्वांसारखं कोण करतं?"

"रुद्रव्वा. माझी थोरली सून. अव्वाची चव तिच्या हातात उतरलीया. माझा पोरगा गेला, पण पावणं अजून येत्यात ते तिच्या हातचं खायला." त्यांनी पाटाकडे पाहिलं. "पण आता हिला त्ये बी नको झालंया."

मोना, भीमाप्पांची मुलगी, तयारीसाठी हुपरीहून आली होती. ती माडीवर भेटली. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.

"अव्वाच्याच हायत," तिने राजनंदिनीची नजर ओळखली. "अव्वानं जाताना दिल्या. चोरल्या न्हाईत. आणि मी पयल्यापासून सांगतेय, केटरर लावा. एवढ्या माणसांचा रांधप घरात कशाला? पण माझं ऐकतंय कोण?"

"पानं आली तेव्हा तुम्ही इथं होता?"

"मसालेभाताच्या वेळी होते. पावभाजीच्या वेळी हुपरीला परत गेलते. शेजारच्या बारशाला." तिने जिन्याकडे पाहून आवाज उतरवला. "मला भ्या वाटतंय ते थोरल्या वैनीचं. शेगडी लावायच्या आधी ती वाकून शेगडीशी कान लावती. मी दोनदा बघितलंय. अव्वा तिला काय तरी सांगती, बघा."

धाकटा मुलगा मल्लिकार्जुन, शांभवीचा नवरा, बोलायला तयार नव्हता. खिडकीची कडी आतून लागते, एवढंच त्याने सांगितलं. "म्हंजे बाहेरचं कोण न्हाई. आणि घरातलं कोण असलं करंल? अप्पा सगळ्यांचेच हायत." मग तो जरा घुटमळला. "गणपतीत घरातल्या सगळ्यांना ताप आला, तेव्हापासनंच घराचं कायतरी बिघडलंय. वैनी तर पंधरवडाभर उठली न्हवती."

शेवटी राजनंदिनी स्वयंपाकघरात गेली. बाळासो चौकटीशी थांबले.

आत गारठा होता. खिडकी उघडीच होती आणि गुऱ्हाळाचा धूर हळूहळू आत येत होता. भिंतीवर अव्वाचा फोटो. कपाळावर विभूती, ओठ घट्ट मिटलेले. फोटोखाली, शेगडीकडे पाठ करून, थोरली सून रुद्राणी, अप्पांची रुद्रव्वा, सुपात गहू निवडत बसली होती. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं.

"बसा," ती म्हणाली. तिचा चेहरा थकलेला, पण नीटनेटका होता.

"ही पानं कोण ठेवतं, असं तुम्हाला वाटतं?"

"अव्वाच. दुसरं कोण?" गव्हातून बोटं फिरत राहिली. "त्यांना न्हाय आवडत, तर कशाला करायचं? भेळ, भडंग, फळं. कुणाला तरास न्हाय. सोपं हाय की."

"पाहुणे तुमच्या हातचं खायला येतात म्हणे."

बोटं थांबली. "व्हय. म्हणत्यात."

राजनंदिनी अव्वाबद्दल विचारत राहिली आणि रुद्राणी हळूहळू उत्तरं देत राहिली. मग करपट वास आला. आधी बारीक, मग घशात बसणारा. राजनंदिनी हलली नाही. ती रुद्राणीच्या चेहऱ्याकडे बघत होती. रुद्राणी शांतपणे सांगत होती, की अव्वा पहाटे उठून पहिला दिवा या खिडकीत लावायच्या…

"अवो, दूध!" बाळासो आत धावले आणि त्यांनी शेगडी बंद केली. पातेल्यातून काळा धूर निघत होता.

रुद्राणी दचकून वळली. "अगं बाई! बोलता बोलता ध्यानच न्हाय ऱ्हायलं."

थोड्या वेळाने तिने सगळ्यांना चहा दिला. पहिला घोट घेताना ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती, एकेकाच्या. बाळासो "फस्क्लास!" म्हणाले, तेव्हा कुठे तिने पदर सारखा केला.

अंगणात येताच बाळासो कुजबुजले, "ताई, मोनाच. केटरर पायजे, अव्वाच्या बांगड्या, आणि पावभाजीच्या येळला मुद्दाम हुपरीला."

"भेळही घरातच होणार होती, बाळासो. मोनाला केटरर हवा असता, तर तिने भेळेलाही पान ठेवलं असतं." राजनंदिनीने घराकडे पाहिलं. वरच्या खिडकीतून कोणीतरी बघत होतं आणि बाजूला झालं. "मला या माणसाचा राग येत नाही, तेच अवघड आहे. सगळ्यांना सोप्यात बोलवा."

सगळे जमले. भीमाप्पा पाटासमोरच होते. रुद्राणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, बसली नाही.

"अप्पा," राजनंदिनीने सुरुवात केली, "पानं अव्वांनी ठेवलेली नाहीत. हे तुम्हीच मला सांगितलंत."

"म्या?"

"फाटकातली भजी घरात बसून ओळखणारी बाई. आज सकाळच्या पानावरचं खोबरं इतकं खवट होतं, की बाळासोंनी डबा उघडताच नाक धरलं. पान ताजं, खोबरं जुनं. अव्वांनी असलं खोबरं हातात तरी धरलं असतं का?"

भीमाप्पांच्या ओठांची हालचाल थांबली.

"घरातल्या दुसऱ्या कोणी ठेवलं असतं, तर त्यानेही ते बाजूला टाकलं असतं. घाबरवायला चांगलं खोबरंही चालतं. म्हणजे ज्याने ठेवलं, त्याला ते खवट आहे हे कळलंच नाही."

"खवट खोबरं कळंना?" मोना म्हणाली. "असं कसं?"

"सांगते. आता बेत बघा. मसालेभात, कढी, पावभाजी, हुग्गी, आमटी. सगळ्यांना पान आलं. भेळ, भडंग, फळं, विकतचं श्रीखंड. याला नाही. फरक काय? पहिल्या पदार्थांत शेवटी कोणीतरी चव बघून सांगावं लागतं, मीठ घाला, आंबट करा, गूळ वाढवा. दुसऱ्यांत नुसतं मांडायचं असतं. हे पान ठेवणाऱ्याला वाढदिवस मोडायचा नव्हता. फक्त चव बघण्याची वेळ येऊ द्यायची नव्हती."

सगळ्यांच्या नजरा दाराकडे जाऊ लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"खिडकी," राजनंदिनी हळू आवाजात म्हणाली. "कडाक्याच्या थंडीत कोण उघडी ठेवील? ज्याला गॅस सुटल्याचं कळणार नाही, तो. आणि शेगडी लावायच्या आधी कोण कान लावील? जिथं नाक चालत नाही, तिथं माणूस कानाने काम भागवतो. आज दूध करपलं, धूर झाला. बाळासो दारातून धावले. शेगडीला पाठ करून, त्यांच्यापेक्षा जवळ बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. आणि चहा चांगला झालाय का, हे ती आमच्या तोंडांवरून वाचत होती. गणपतीतल्या तापानंतर…"

"पुरे," रुद्राणी म्हणाली.

ती खाली बसली, चौकटीला टेकून. रडली नाही. "वास न्हाय येत मला. चव बी न्हाय लागत. गूळ आणि मीठ, जिभंला सारखंच. आधी वाटलं, जाईल. मग दिवाळी आली. चमचा-वाटीनं मापून केलं, निभावलं. पण एवढ्या माणसांचा भात मापानं होत न्हाय. आणि रांधायला बसलं की सगळ्या मावश्या-आत्या भोवती उभ्या ऱ्हात्यात. रुद्राणी, चव बघ की."

"मग सांगायचं न्हाय व्हय, वैनी?" मल्लिकार्जुन कळवळून म्हणाला.

"काय सांगू? हे गेले. पोर न्हाय, बाळ न्हाय. अव्वा हुत्या तवर त्यांच्या मागं उभी हुते. आता ह्या घरात माझं म्हणून हाय काय? एक हात. पावणं दारातनं माझं नाव घेत येत्यात, ते हाताचं. तो बी गेला म्हटल्यावर…" तिने भीमाप्पांकडे पाहिलं. "अप्पा, अव्वाचं नाव घेतलं की तुम्ही बेत बदलाल, येवढंच वाटलं. तुम्ही जेवण सोडाल असं ध्यानीमनी न्हवतं. रोज सांगाय उठायची आणि तुम्ही त्या पाटाशी बोलताना दिसायचा. मग तोंड उघडायचं न्हाय."

"आणि तरी आज पुन्हा पान ठेवलंस!" मोनाचा आवाज चिरला. "अप्पा मेले असते, वैनी!"

रुद्राणीने मान खाली घातली.

भीमाप्पा रिकाम्या पाटाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरातलं माणूस निघून गेल्यावर उरते तशी पोकळी होती. बायको जाऊन वर्ष झालं होतं, पण त्यांच्यासाठी ती आज गेली होती.

"म्हंजे ती आलीच न्हवती," ते म्हणाले. "बोलवत बी न्हवती."

"नाही, अप्पा," राजनंदिनी म्हणाली.

त्यांनी जमिनीवर हात टेकला. मल्लिकार्जुन धरायला धावला, त्याला त्यांनी बाजूला केलं. भिंतीला धरत ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि सुनेसमोर उभे राहिले.

"रुद्रव्वा, ऊठ. हुग्गी लाव."

"अप्पा, मला चव…"

"चव मी सांगतो. पन्नास वर्सं तिच्या हातचं जेवलोय, मला ठावं हाय कसं लागाय पायजे." त्यांनी शांभवीकडे पाहिलं. "मला आत खुर्ची दे. शेगडीपाशी. वास बी मीच घेतो."

त्या दुपारी कच्च्या गव्हाची, गूळ कमी झालेली हुग्गी भीमाप्पांनी वाटीभर खाल्ली. मग म्हणाले, "गूळ घाल," आणि पुन्हा वाटी पुढे केली. शांभवी मागे वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मोनाने वैनीशी दिवसभर बोलणं टाळलं, पण संध्याकाळी तिने न सांगता खोबऱ्याचा जुना डबा रिकामा केला आणि घासून ठेवला. दुसऱ्या दिवशी शांभवी जावेला घेऊन नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, वास-चव परत येईल, कदाचित येणारही नाही, पण प्रयत्न करू.

रविवारी राजनंदिनी आणि बाळासो उचगावला पोचले, तेव्हा अंगणात पंगत बसत होती. बेत मसालेभात आणि आमटीचा होता, शेवटी हुग्गी. निपाणीच्या एक जाडजूड मावशी लुगडं खोचत थेट शेगडीपाशी गेल्या.

"रुद्राणी, आमटीची चव बघितलीस का न्हाय गं?"

रुद्राणीने पातेल्यावरची नजर काढली नाही. पण आवाज अंगणातल्या शेवटच्या पानापर्यंत पोचेल एवढा मोठा होता.

"मला चव लागत न्हाय, मावशी. आजारपणात गेली. अप्पांना विचारा."

खुर्चीतल्या भीमाप्पांनी तळहातावरची आमटी चाटली आणि डोळे मिटले.

"वाढा," ते म्हणाले.