वहिनीची सही

"वहिनी, सही करा हो... हात जोडतो तुम्हाला!"

दीर दारातच उभा होता, आणि तिने त्याला बसा म्हटलं नव्हतं. शिलाई मशीनही तिने मुद्दामच थांबवलं नाही. शेअर बाजार कोसळत होता, दिराच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि तिच्या होरपळलेल्या अंतःकरणात... अहाहा, कसा गारवा पसरत होता!

सासरे मोठे धोरणी. धाकटा मुलगा उतावळा, थोरली सून शांत. म्हणून जाण्यापूर्वी सगळे शेअर त्यांनी दोघांच्या नावावर करून ठेवले होते. विकायचे तर दोघांच्याही सह्या हव्यात!

"रोज पडताहेत," दीर कळवळला. "आज विकले तर निम्मे पैसे तरी हाती लागतील. त्यात तुमचाही वाटा आहे ना!"

"बुडू दे."

"अहो, भाव आणखी पडणार, वहिनी! मिळतंय ते पदरात पाडून घ्या!"

तेच शब्द! नवरा गेला तेव्हा जागांचे भाव उतरले होते, आणि त्याच्या मागे उरलं होतं ते एकच... हमरस्त्यावरचं त्याचं दुकान. तेव्हा हाच दीर रोज येऊन, डोळ्यांत पाणी आणून, अगदी हेच तर सांगत होता! भेदरलेल्या त्या अभागिनीने दुकान मातीमोल भावात विकून टाकलं. पुढे भाव चढले तेव्हा कळलं, घेणारा होता दिराचाच मेहुणा, आणि पैसा होता खुद्द दिराचा! तेव्हापासून ती या भाड्याच्या खोलीत लोकांच्या उसवलेल्या बाह्या शिवत होती आणि मनातला सूड जपत होती.

मशीन थांबलं.

"भाऊजी, तेव्हा माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आता तुम्ही जागा! रोज सकाळी भाव बघा, जीव मुठीत धरून बसा. सही मिळणार नाही."

"सूड उगवताय तुम्ही!"

"हो, उगवतेय!" ती कडाडली. "त्यात माझं वाटोळं झालं तरी बेहत्तर!"

तो पाय आपटत गेला. मग मात्र ती ढसाढसा रडली, कारण त्या निम्म्या पैशांतही डोक्यावर स्वतःचं छप्पर आलं असतं.

बाजार आणखी पडला. धाकटी जाऊ येऊन पदर पसरून गेली. नातेवाईक तिला कैदाशीण म्हणू लागले. ती हटली नाही. मग बाजार कितीतरी दिवस मेल्यासारखा पडून राहिला, आणि पुढे हळूहळू, कुरकुरत का होईना, चढू लागला... चढत चढत पूर्वीच्याही वर गेला!

दीर पुन्हा दारात आला. वर्षभरात केस पांढरे झाले होते.

"वहिनी, तुम्ही देवमाणूस! तुम्ही वाचवलंत मला..."

"खोटं!" ती म्हणाली. "भाव चढतील हे मला कुठे ठाऊक होतं? मला तुम्हाला तळमळताना पाहायचं होतं."

त्याची मान खाली गेली. "तळमळलो, वहिनी... रोज तळमळलो. घाबरलेल्या माणसाला विकायला लावणं म्हणजे काय, ते आता कळलं. तुमचं दुकान मीच गिळलं! ते परत तुमच्या नावावर करतो... चुकलो मी!"

त्याने दुकानाची किल्ली मशीनवर ठेवली. ती उचलून तिने छातीशी धरली... आणि रडता रडता तिला एकदम हसू फुटलं.

"अहो भाऊजी, हे 'चुकलो' त्याच दिवशी म्हणाला असतात ना, तर मी तिथल्या तिथे विरघळून सही करून मोकळी झाले असते... आणि आज दोघंही हात चोळत बसलो असतो!"

डोळे पुसत तिने खुर्चीवरचे कपडे उचलले.

"बसा."