दारापासून तिसरी पट्टी

कॅलमची दोन बोटं हिमदंशाने काळी पडली होती. दुपारच्या विमानाने त्याच्यासोबत इमीलाही परत पाठवायचं, असं कॅम्पप्रमुख ग्रॅहमने नाश्त्यालाच जाहीर केलं. इमी आमच्या रेडिओवर बसायची; बाहेर कोण आहे यावर लक्ष ठेवणं तिचंच काम. पुन्हा अंटार्क्टिकात पाऊल ठेवू देऊ नये, असा शेरा तिच्या नावावर पडणार होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," स्वयंपाकघरातून ब्रॉन म्हणाली.

जाड चष्म्याची ब्रॉन आमची स्वयंपाकीण. त्याआधी नऊ वर्षं ती होबार्टमध्ये खासगी तपासनीस होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

"मग चोर दाखव," ग्रॅहम म्हणाला. "विमानाला चार तास आहेत."

बाहेर जाताना जेवणाच्या तंबूच्या दाराजवळच्या फळ्यावरची आपल्या नावाची पट्टी उलटून लाल करायची, आत आलं की पांढरी. काल दुपारी वादळ सुटलं तेव्हा कॅलम बर्फाचे नमुने काढायला गेलेला होता, पण त्याची पट्टी पांढरी होती. म्हणून तासभर कुणी शोधायलाच निघालं नाही.

ब्रॉनने मेकॅनिक लॅचीला सोबत घेतलं. लॅचीला इंजिनं चटकन कळत, माणसं जरा उशिरा.

"पट्टी पांढरी दिसली, म्हटलं आला असेल, झोपला असेल," इमी म्हणाली.

"आदल्या दिवशी तुझं कॅलमशी भांडण झालं होतं," ब्रॉन म्हणाली.

"झालं होतं. म्हणून काय जीव घेईन त्याचा?"

ब्रॉनने तिला पुन्हा बोलावून तेच विचारलं. इमीला रडू फुटलं.

काल दिवसभर ग्रॅहम तंबूतून हललाच नव्हता. "फळ्याशी खटपट करत होता तो हा लॅची," तो म्हणाला.

"अरे, काल सकाळी हार्वे घरी गेला ना? त्याची पट्टी काढून पुढच्या सगळ्या दाराकडे सरकवल्या," लॅची म्हणाला. "आणि शोधायला निघालेल्या सगळ्यांच्या लाल केल्या. ब्रॉन, तुझी तेवढी आधीच लाल होती. चपळ बाई!"

पाणी संपत आलं होतं. ब्रॉन कालच्यासारखीच बर्फाचे तुकडे आणायला गेली. परतली तशी चष्म्यावर वाफ धरली.

"आली आंधळी कोशिंबीर!" लॅची हसला.

ब्रॉनने चाचपत दारापासून तिसरी पट्टी उलटली आणि चष्मा पुसला. पट्टीवर कॅलमचं नाव होतं.

तिने सगळ्यांना जेवणाच्या तंबूत बोलावलं.

"पट्टी उलटणाऱ्याचा कॅलमवर राग नव्हता. बाहेरून परतताना त्याला दिसतच नव्हतं," ती म्हणाली. "तो दारापासून मोजून पट्टी उलटतो. हार्वेची निघाल्यावर त्याची तिसरी पट्टी दुसरी झाली आणि तिसरी कॅलमची. म्हणून कॅलमची पांढरी झाली, त्याची स्वतःची लालच राहिली."

"मग कोण गं तो?" लॅचीने विचारलं.

"लॅची, इथे चष्मा कुणाला आहे?"

ब्रॉनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचे कान तापले. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

"नकळत झालं," ग्रॅहम पुटपुटला.

"इमीचंही नकळतच होतं. तिला तू हाकलत होतास, आणि मी तिला रडवलं. रेडिओ लाव. मुख्य तळाला माझं नाव मीच सांगते."

सांगून झालं. कॅलमला सांगायचं राहिलं होतं. त्याचा तंबू दहा पावलांवर, पण ब्रॉन बाकावरून उठेना.

शेवटी इमीच उठली.

"चल," ती म्हणाली. "दारापर्यंत येते. आत मात्र तू एकटी जा."