निळ्या दाराशी अर्धा सेकंद

खोटं वाटलं तर इथेच सोडा. मला कुणाची समजूत काढत बसायचं नाही. हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि स्क्रीनवरचा तो आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

रात्र नव्हती. वादळ-बिदळही काही नव्हतं.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत मावशीचं शिवणाचं मशीन, मागच्या खोलीत कॉम्प्युटर. मध्ये दार, त्याला साधा पडदासुद्धा नाही.

बहिणीला सगळे टिंगू म्हणतात. तिच्या भावाला बांबू म्हणायचे. चौकटीला डोकं लागायचं त्याचं, इतका उंच.

म्हणायचे... कारण फेब्रुवारीत तो गेला. कामावरून येताना अपघात झाला आणि खेळ खलास.

टिंगू रडली नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! आतून बधिर झाली होती ती. जेवायची, कॉलेजला जायची, विचारलं तर उत्तर द्यायची. बस.

बांबू गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळायचा. स्पर्धेत उतरणारी पाच जणांची टीम होती त्यांची, आणि नेम याचा सगळ्यात पक्का. तो गेल्यावर टीमने त्याची जागा सहा महिने रिकामी ठेवली. मग चाचणी घ्यायचं ठरलं. ती जागा टिंगूला हवी होती. दादाच्या जागेवर भलताच कुणी बसलेला तिला चालणार नव्हता. तेवढी एकच गोष्ट तिला अजून वाटत होती.

मग ती रोज दुपारी तीनला सरावाला बसायला लागली. गेममध्ये सरावाची एक जागा असते. तिथे भिंतीआडून, खोक्यांमागून पुतळे डोकं काढतात. एकूण शंभर. दिसला की डोक्यात गोळी. हे तिला बांबूनेच शिकवलेलं. तो मागे चौकटीला टेकून उभा राहायचा, हातात बॉलपेन. तिचा नेम चुकला की पेनचं बटण दाबायचा.

टक.

तोंडाने एक अक्षर बोलायचा नाही. चिडवायची त्याची ती रीत होती. टिंगू जाम वैतागायची.

तर सरावाच्या तिसऱ्या दिवशी तिचा नेम चुकला...

आणि मागे आवाज आला.

टक.

तिने हेडफोन काढले. पुढचे तीन पुतळे बरोबर लागले. शांत. चौथा चुकला...

टक.

तिने मागे वळून पाहिलं नाही. "घाबरायला हवं होतं रे," ती नंतर मला म्हणाली, "पण काहीच वाटलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मोजलं. बासष्ट लागले, अडतीस चुकले.

अडतीस वेळा टक.

त्या वेळात पुढच्या खोलीतलं मशीनही बंद असायचं. मावशी आडवी झाली असेल, असं टिंगूने धरलं.

महिन्याभरात ती नव्वदीच्या पुढे गेली. नेम सुधारत होता आणि मागचा आवाज कमी होत होता. हे लक्षात आलं तरी ती थांबली नाही. चाचणी चार दिवसांवर आली होती.

टीमचा कोच दिवसभर चष्म्याच्या दुकानात काम करायचा. नजर बारीक. त्याने तिच्या सरावाची वीस रेकॉर्डिंग पाहिली आणि तिला बोलावून घेतलं.

"या निळ्या दाराशी काय आहे?"

"काही नाही. तिथून पुतळा येतच नाही."

"मग दर वेळी अर्धा सेकंद तिथे थांबतेस कशाला? आणि इतक्या वर?"

टिंगूने पाहिलं. तिला पत्ताच नव्हता. वीसच्या वीस वेळा तिचा नेम त्या रिकाम्या दारात टेकला होता. चौकटीच्या अगदी लगत. पुतळ्यांच्या डोक्यापेक्षा चार बोटं वर...

कोच म्हणाला, खऱ्या सामन्यात अर्ध्या सेकंदात तुझा निकाल लागेल. ही सवय मोडायची. "नेम थांबला की गोळी सुटली पाहिजे. समोर काही असो, नसो."

तोच तो मंगळवार.

टिंगू सरावाला बसली. त्या दिवशी हात असा काही चालत होता की एकही पुतळा चुकेना. मागेही सगळं शांत.

निळं दार आलं. नेम थांबला.

तिने बोट दाबलं.

रिकाम्या जागी गोळी मारली की भिंतीवर काळा ठिपका उमटतो. ठिपका उमटला नाही...

लागल्याचा आवाज आला.

आणि मागे फरशीवर काहीतरी हलकं पडलं, घरंगळत गेलं.

ती वळली नाही. उरलेले पुतळे तिने संपवले. मग स्क्रीनवर आकडे आले.

पुतळे शंभर. लागले एकशे एक.

आता मात्र ती वळली. चौकट रिकामी. फरशीवर काही नाही.

तिने पुन्हा सराव लावला. पहिला पुतळा मुद्दाम चुकवला.

काही नाही.

दुसरा चुकवला. तिसरा. शंभरच्या शंभर चुकवले तिने, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी कान मागे लावून थांबली.

काहीच नाही.

मावशी दारात येऊन उभी राहिली. गळ्यात मापाची टेप तशीच.

"थांबला का गं तो?"

टिंगूने माऊसवरचा हात काढला.

"रोज मशीन बंद करून ऐकत बसायचे मी," मावशी म्हणाली. "तुला सांगितलं नाही. म्हटलं, तू घाबरशील."

टिंगूला जागा मिळाली. टीममध्ये आता तिचाच नेम सगळ्यात पक्का आहे. निळ्या दाराशी ती थांबत नाही. तिने मला रेकॉर्डिंगमध्ये दाखवलेल्या त्या एकशे एकच्या आकड्याबद्दल मी गेम बनवणाऱ्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, प्रोग्रॅमची चूक असेल. असेलही बाबा.

पण मी त्यांच्याकडे अजून जातो. तीन वाजले की पुढच्या खोलीतलं मशीन थांबतं. आत टिंगू नव्व्याण्णव पुतळे बरोबर टिपते. शंभरावा मुद्दाम चुकवते आणि हेडफोन काढून बसते.

दोघी कान लावून ऐकतात. मी त्या चौकटीत उभा राहत नाही.