आफ्रिकेच्या माश्या

"अवो, त्या डब्याले आंघोळ काऊन घालून राह्यले जी?"

शेगावच्या एसटी स्टँडवर पंचफुलानं हटकलं, तसा गोणपाटात गुंडाळलेल्या जाळीदार डब्यावर पाणी शिंपडणारा तरुण चपापला.

"आत माश्या आहेत, उन्हानं मरतील... आफ्रिकेहून आल्यात."

"व माय! आमच्या उंद्री गावात का माश्यायचा दुकाळ पडला?"

तो हसला — आणि पोरीच्या काळजात काहीतरी हललंच! शेतीखात्यातला शालिग्राम तो, निघालाही होता उंद्रीलाच, तिच्याच वडिलांच्या, कडूबांच्या वावरात. तिकडच्या शास्त्रज्ञांनी बंगलोरच्या प्रयोगशाळेला धाडलेल्या या चिमुकल्या माश्या म्हणे बोंडअळीचा फडशा पाडतात. कपाशीवर विषारी औषध फवारायलाच नको. ऐकून पंचफुलाचे डोळे भरले. गेल्या साली फवारता फवारताच तिचा भाऊ गुलाबराव तोंडाला फेस येऊन वावरात मेला होता. आता पंप पाठीवर घ्यायला उरले होते एकटे म्हातारे कडूबा.

उंद्रीत शालिग्राम आधी वावर पाहत हिंडला. डबा राहिला पंचफुलाच्या माजघरात.

"सांभाळाल ना?"

"डब्याले... का डबेवाल्याले?" बोलून गेली आणि पळालीच.

जिवापाड जपला हो तिनं! मुंग्या लागू नयेत म्हणून गुळाच्या डब्याभोवती घरोघरी टाकतात, तशी किडे मारायच्या पावडरीची जाड रेघ तिनं त्याभोवती ओढली. सकाळी शालिग्रामनं झाकण उघडलं, तर एकूण एक माशी मेलेली.

त्यानं रेघ पाहिली, आणि गुपचूप पायानं पुसली.

"माझंच चुकलं, काका," तो कडूबांना म्हणाला. "डबा उन्हात राहिला."

"खोटं हाय, बाबा!" पंचफुला हुंदके देत म्हणाली. "पावडर म्या टाकली."

नवी खेप येईपर्यंत बोंडं उरणार नव्हती. कडूबांनी खुंटीवरचा पंप काढला.

"द्या इकडं." शालिग्रामनं पट्टे आपल्या खांद्यावर चढवले.

पंचफुला आडवी आली. "तुमी नोका जाऊ!"

"मग कोण जाईल? काका?"

तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला आणि लाजलज्जा सोडून, बापासमोर, त्याच्या नाकातोंडावर करकचून बांधला.

"वाऱ्याच्या तोंडी उभं राहू नोका... हात तोंडाले लावू नोका..."

"एवढी काळजी?"

"हाव! मले तुमीच पायजे. अन् जित्ते पायजे!"

कडूबांनी मान फिरवली. शालिग्राम कपाशीत शिरला, आणि पंचफुला बांधावर उभी राहून, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी, त्याच्या नावानं हाका मारत राहिली — ओ येते की नाही, एवढंच ऐकायला.